मोठ्यानं वाचलेली ओळ

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी मी रोवणीवर, म्हणजे भाताच्या लावणीवर, लेख दिला होता. मराठीच्या मॅडमनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"मोबाइलकडून लिहून घेतलं नाहीस?"

मी नाही म्हणाले. त्यांनी एका वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढली. 'बायका गाणी म्हणत, धानाची रोपं लावत पुढे पुढे सरकत होत्या.'

"पुढे कशा सरकतील? लावलेलं तुडवत जायचं का? रोवणीत बायका मागं मागं सरकतात. तू या भागातलीच ना?"

लेख मोबाइलनं लिहिला नव्हता, पण ते सिद्ध करायला माझ्याकडे काही नव्हतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. गावातून व्हॅन पहाटे निघायची आणि दुपार टळल्यावर परत आणायची. बारा वर्षं मी धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, खिडकीच्या काचेतून पाहिल्या. बायका वाकलेल्या दिसायच्या, त्या कुठल्या दिशेनं चालतात ते कधी दिसलं नाही. बाकीचं मी इतरांच्या लेखांतून आणि निबंधांच्या पुस्तकांतून उचललं होतं. म्हणजे मॅडमचा संशय अगदीच चुकीचा नव्हता, हे मला जास्त लागलं.

जाताना त्या म्हणाल्या, "रोज एक पान लिही. एकाच वेळी, एकाच जागी. पाहिलं असेल तेवढंच. आणि झालं की मोठ्यानं वाच. खोटं वाक्य वाचताना अडखळतं."

शेवटची परीक्षा संपवून गावी परत आले आणि दिवाळीनंतर मी ते खरंच सुरू केलं. दोनशे पानी वही घेतली. पानांना आकडे घातले, म्हणजे फाडण्याचा मोह होणार नाही. वेळ सकाळी सातची, जागा आमच्या घराची छपरी, म्हणजे समोरची उघडी पडवी. मोबाइल आत ठेवायचा. पहिल्या दिवशी तीन ओळी झाल्या. चौथ्या दिवशी पाच. वाक्य आधी डोक्यात इंग्रजीत यायचं आणि मी ते उलथून मराठीत ठेवायची. मोठ्यानं वाचलं की ते उलथलेलं ऐकू यायचं. मग छोटं वाक्य लिहायची. 'कुत्रा उठला. कोंबडीकडे पाहिलं. पुन्हा झोपला.' अशी वाक्यं अडखळत नव्हती.

लोकांच्या ते लवकरच नजरेत आलं. आमच्या गावात माणसांकडे बघून वहीत लिहिणारं कोणी असलं तर ते सर्वेक्षणाचंच असतं. त्याच महिन्यात घरकुलाच्या यादीसाठी माणसं फिरून गेली होती. समोरून जाणारे एक मामा सायकल थांबवून म्हणाले, "काय लिहून राहिली वं पोरी? आमचं पक्कं घर तर नाही लिहिलं?"

"नाही मामा. असंच लिहिते."

"असंच कोनी लिहिते का बाप्पा," असं म्हणून ते गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारातली मोटरसायकल घरामागं उभी होती. बाबा हसले. म्हणाले, "तुझ्या वहीनं गाव गरीब होऊन राहिलं."

मला मात्र लोकांनी बघितलेलं आवडत नव्हतं. मी खांबाच्या आड सरकून बसू लागले. तिथून रस्त्यापलीकडचं एकच घर नीट दिसायचं. तिथं काकू राहायच्या. सख्ख्या नव्हेत, पण मी लहान असताना व्हॅनची वाट बघत त्यांच्याच दारात उभी राहायची आणि त्या माझी वेणी पुन्हा घट्ट करून द्यायच्या.

सात वाजून गेले की काकू घराबाहेर पडायच्या. आधी दारात थांबून दोन्हीकडे बघायच्या. पदराखाली काहीतरी असायचं. तलावाच्या पाळीकडे, म्हणजे बांधाकडे, जायच्या आणि वीसेक मिनिटांत परत यायच्या, तेव्हा पदर सपाट असायचा. पहिल्यांदा मी दोन ओळी लिहिल्या. तिसऱ्या दिवशी पदर सरकला आणि स्टीलचा डबा दिसला. त्या दिवशी माझं पान पहिल्यांदा पूर्ण भरलं.

मग मी सातची वाट बघू लागले. थंडीत उठायचा कंटाळा गेला. कुत्रा, कोंबडी, लाखोळीच्या भाजीची टोपली घेऊन जाणाऱ्या बायका, सगळं मागं पडलं. डबा जड आहे की हलका, काका उठायच्या आधी गेला की नंतर, आज किती वेळा मागं वळून पाहिलं, एवढंच मी लिहायची. सवय कशी लावायची याबद्दल कोणी मला विचारलं तर खरं उत्तर हेच आहे की माझी सवय संशयानं लागली. अठराव्या दिवशी मी लिहिलं, 'काकू घरातले तांदूळ काकांना चोरून विकतात.' वाक्य सरळ होतं. वाचताना कुठंही अडखळलं नाही.

त्यानंतर चार दिवस काकू दिसल्याच नाहीत. त्या मागच्या दारानं जात होत्या. आई नळावर भेटली तेव्हा त्यांनी तिला विचारलं, "तुमची पोरगी माझ्यावर काय लिहून राहिली?"

आईनं घरी येऊन मला विचारलं. वही मी कपड्यांच्या खाली ठेवत होते. म्हणजे कोणीतरी काढून वाचली होती, आणि घरात वाचणारी आईच. मी तिला काही बोलले नाही. पानांमध्ये तणसाची एक काडी ठेवली. दुसऱ्या दिवशी काडी जागच्या जागी होती. मला वाटलं, आईला कळलं असेल, तिनं ती पाहून परत ठेवली असेल. मी आडवी ठेवली. तीही आडवीच राहिली. तरी मी आईशी दोन दिवस मोजकं बोलले.

रविवारी आई-बाबा लग्नाला गेले होते. काकू सरळ छपरीत आल्या आणि पायरीवर बसल्या.

"वाच," त्या म्हणाल्या.

"काय काकू?"

"जे लिहिलं ते. मले वाचता येत नाही एवढं बारीक. तूच वाच."

मी वही आणली. डोकं खाली घालून वाचू लागले. डबा, पदर, दोन्हीकडे बघणं. काकू ऐकत होत्या. अठरावं पान आलं तेव्हा मी ती एक ओळ गाळून पुढं गेले.

"एक राहिली," काकू म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"तांदळाची. आइकली होती मी. रोज सकाळी वाचत नाही का तू मोठ्यानं? पाठ म्हनल्यासारखी. रस्ता तो केवढा. आम्ही काय बहिरे आहोत?"

वही कोणी उघडलीच नव्हती. माझाच आवाज रस्ता ओलांडून जात होता, रोज, एकेक वाक्य नीट सुटं करून. आईशी मी उगाच दोन दिवस तुटक वागले होते.

मी ती ओळ वाचली. ती वाचताना मात्र फार अडखळले.

काकूंनी पाय पायरीवर वर घेतले. मग म्हणाल्या, "माझी सासू माहीत आहे ना तुले? दिवाळी ते अक्ती दिराकडं, अक्ती ते दिवाळी आमच्याकडं. अशी वाटणी झाली भावांची. पाळीपलीकडं दिराचं घर. बुढीच्या तोंडात एक दात नाही. तिकडं सगळ्यांचा भात तोच तिचा भात. मी मऊ करून नेते, वरन कालवून. बस."

अक्तीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अजून पाच महिने होते.

"मग लपवता काहून?"

"तुझ्या काकाचं अन् भावाचं शेताच्या धुऱ्यावरून बोलनं बंद आहे तीन सालापासून. 'त्याची पाळी आहे, त्यानं पाहावं' म्हनते. आता तू मोठ्यानं वाचून राहिली. उद्या त्याच्या कानी गेलं तर डबा बंद. बुढी अक्तीपर्यंत काय खाईन, तूच सांग."

मी पानं फाडली. आकडे घातलेली पानं, सातपासून बावीसपर्यंत. काकूंनी ती हातात घेतली, मोजल्यासारखी चाळली, आणि म्हणाल्या, "अजून कुठं लिहिलं नाही ना? मोबाइलमदी?"

"नाही."

"खरं?"

"खरं काकू."

त्यांचा विश्वास बसला नसावा. त्यांनी वही स्वतः उलटसुलट करून पाहिली आणि पानं घरी नेली. थोड्या वेळानं त्यांच्या चुलीचा धूर कौलांवरून वर आला.

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी पुन्हा बसले. पानाचा आकडा तेवीस, आणि त्याच्या आधी सहा. काकू पुढच्या दारानं बाहेर आल्या, पदराखाली डबा. माझ्याकडे बघून थांबल्या. मी पेन खाली ठेवलं. त्या गेल्या. त्या दिवशी चार ओळी झाल्या आणि त्यात कुत्राच होता. तेव्हापासून मी एक नियम पाळते. जे पाहिलं नाही, नुसतं वाटलं, त्याच्याशेजारी समासात टिंब देते. पहिल्या महिन्यात माझा समास टिंबांनी भरून गेला होता.

अक्तीला सासूबाई काकूंकडे राहायला आल्या. पहिल्याच दिवशी मुलासमोर जेवताना म्हणाल्या, "थंडीत जो भात आणत होती सून, तसाच आहे." काका खाली मान घालून जेवत राहिले. मग काकूंना म्हणाले, "बुढीले अजून थोडं वाढ." एवढंच. हे मी पाहिलेलं नाही, काकूंनी सांगितलं, म्हणून इथंही टिंब हवं.

"आता लिही," त्या म्हणाल्या. "पन नाव नको कोनाचं."

हे लिहून झाल्यावर मी त्यांना वाचून दाखवलं, हळू आवाजात. त्या म्हणाल्या, "धूर कौलांवरून नाही, मागच्या भिंतीकडून जाते." मी तिथं टिंब दिलं आणि वाक्य तसंच ठेवलं, कारण मला तो कौलांवर दिसला होता. रोवणीचा लेखही मी नव्यानं लिहिला आहे. जुलैत दोन दिवस बांधीत उभी राहून. मॅडमना पाठवला, उत्तर आलं नाही.

आता सकाळचं पान मी मनात वाचते. तरी ओठ हलतात म्हणे. काकू अंगण झाडताना मधेच थांबतात आणि रस्त्यापलीकडून माझ्या ओठांकडे बघत राहतात.