सभेचा पाचवा नियम

हात सगळेच्या सगळे वर गेले होते.

"बन्सीनं सभेचा सेक्रेटरी व्हावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा," असं हेडमास्तर म्हणाले आणि वर्गातला एकूण एक हात वर झाला. निवडणूक आटोपली असं समजून ते खुर्चीवर टेकायला लागले. मी म्हटलं, नियमाप्रमाणे दुसऱ्या उमेदवाराचंही विचारायला पाहिजे. त्यांनी नाइलाजानं विचारलं, "बरं, गणपत कोणाला हवा?" पुन्हा सगळे हात वर. त्यात बन्सीचाही हात होता. गणपतनंही मघाशी बन्सीसाठी हात वर केलाच होता.

हेडमास्तर पुण्याचे. माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "अहो, ह्यांना मत म्हणजे काय हे कळतं तरी का?"

मला राग आला. एक तर मी वऱ्हाडातला. दुसरं म्हणजे ती नियमावली मी लिहिली होती.

आमच्या घराण्यात इंग्रजी अक्षर वाचणारा मी पहिला. बाप अकोल्याकडच्या खेड्यात काळी जमीन कसणारा. मी मुंबईला कॉलेजात शिकून पदवी घेऊन आलो आणि अमरावतीच्या इंग्रजी शाळेत असिस्टंट मास्तर झालो. हे मी मिरवत असे, आजही मिरवतो. मुंबईला आम्हा विद्यार्थ्यांची सभा होती. आठवड्याला निबंध वाचायचा, त्यावर वाद घालायचा. तशी सभा इथं काढावी म्हणून मी हेडमास्तरांच्या मागं लागलो. ते म्हणाले, "आधी नियम लिहा. नियमाशिवाय सभा म्हणजे बाजार."

म्हणून लिहिले. मेंबर कोणी व्हावं, मीटिंग कधी, अध्यक्षानं काय करावं, सेक्रेटरीनं काय करावं. मुंबईच्या सभेचे नियम मला पाठ होते, तेच मराठीत उतरवले. पाचवा नियम असा होता: मत हात वर करून द्यावे.

आता सेक्रेटरीच्या जागेसाठी एवढी ओढ का, ते सांगतो. त्या दिवसांत अमेरिकेत लढाई चालू होती. तिकडचा कापूस बंद झाला, म्हणून विलायतेला वऱ्हाडचा कापूस हवा होता. अमरावतीत जिथं चार भिंती आणि छप्पर असेल तिथं रुई भरलेली असे. गोठ्यात रुई, ओसरीवर रुई. एका देवळाच्या पुजाऱ्यानं सभामंडपसुद्धा भाड्यानं दिला होता. खेड्यातून शिकायला आलेल्या पोराला पथारी टाकायला जागा मिळत नव्हती. गणपत हा रिद्धपूरकडचा, कुणब्याचा मुलगा. तो ज्यांच्याकडं राहत होता त्यांनी त्याची खोली रुईच्या गठाणींना, म्हणजे गासड्यांना, दिली आणि त्याला गावाचा रस्ता दाखवला.

सभेसाठी हरकिसनशेट आडत्यांनी एक खोली दिली होती. आडत्या म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देऊन दलाली घेणारा. आमच्या नियमात असं होतं की सेक्रेटरीनं त्या खोलीत राहून सभेची पुस्तकं राखावीत. गणपत सेक्रेटरी झाला तर शाळेत राहणार, नाही तर गावी जाऊन नांगर धरणार. गोष्ट इतकी सरळ होती.

पण कमिशनर साहेब शाळेत आले की मानपत्र वाचायचं ते सेक्रेटरीनं. हरकिसनशेटना आपला मुलगा बन्सी त्या जागी दिसत होता. बन्सी काही खोलीत राहणार नव्हता. घरच्या गाद्यागिरद्या सोडून तो इथं कशाला झोपेल? खोली रिकामी राहिली की शेट तिच्यात चार गठाणी ठेवणार आणि मग चाराच्या चाळीस होणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

मीटिंग मोडल्यावर मी पोरांना थांबवून विचारलं, दोघांसाठीही हात वर का केला? पोरं एकमेकांकडं बघायला लागली. शेवटी करीम बोलला. त्याचे वडील रंगारी, पेठेत दुकान. घरात उर्दू, बाहेर वऱ्हाडी. जीभ दोन्हीकडं सारखीच धारदार.

"मास्तर, हात खाली कसा ठेवावा? तो समोरच बसून राहिला ना! आज त्याच्या तोंडावर नाही म्हटलं, तं उद्या त्याच्या ओसरीवर पानी कोन देईन?"

"पण मग मताला अर्थ काय राहिला?"

"अर्थ तुमी पाहा. इज्जत आमी पाहून राहिलो."

पोरं हसली. पण मला ते खरं वाटलं. आमच्या गावातही कोणी कोणाला समोरासमोर नाही म्हणत नाही. पंगतीला बोलावलं की हो, सोयरीक सुचवली की हो. नाही काय ते मागाहून, न गेल्यावर कळतं. मुंबईचा नियम लिहिताना हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आता मला कुतूहल लागलं. ह्या लोकांना नाही म्हणायचं असतं तेव्हा ते कुठं म्हणतात?

हेडमास्तर म्हणाले, "सोपं आहे. नाव लिहून चिठ्ठ्या टाकू."

मी पोरांना सांगून पाहिलं. त्यांचे चेहरेच उतरले. गणपत एरवी गरीब गाईसारखा, तोही म्हणाला, "कागद नको मास्तर. माह्या आज्यानं येकडाव कागदावर आंगठा देल्ला होता."

पुढचं त्यानं सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. वऱ्हाडात कागद म्हणजे दस्त. तो फिरत फिरत नको त्याच्या हातात जातो आणि कित्येक वर्षांनी कचेरीत उघडतो. शिवाय सगळ्यांना सगळ्यांचं अक्षर ठाऊक.

त्या रविवारी मी कापसाच्या बाजारात गेलो. मुद्दाम काही शोधायला नाही. बाप कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, घेऊन आला होता, त्याला भेटायला. बंड्यांची ही गर्दी, बैल, धूळ, अंगावर रुईचे तुसे. बाप आणि एक दलाल समोरासमोर उकिडवे बसले होते. दोघांचे उजवे हात एका रुमालाखाली. वरून गप्पा पावसापाण्याच्या, आणि आत बोटं दाबून भाव चालला होता. लहानपणापासून मी हे बघत आलो होतो. किती बोटं, कसं दाबलं, त्यावर भाव ठरतो. सौदा पटला तर हात झटकून उठायचं, नाही पटला तर हसून पान खायचं. शेजारी उभ्या माणसाला काय ठरलं ते कळत नाही, आणि कोणी विचारतही नाही.

बाप उठला. मी विचारलं, "बाबा, नाही म्हटलं का त्याले?"

"तीनदा म्हटलं," बाप म्हणाला. "चौथ्यांदा वळणावर आला."

मी उभ्या उभ्या हसलो. बापाला वाटलं भाव चांगला आला म्हणून हसतो आहे.

सोमवारी हेडमास्तरांपुढं नवा पाचवा नियम ठेवला: मत रुमालाखाली द्यावे. मत घेणाऱ्याच्या हाताचे एक बोट दाबले तर पहिला उमेदवार, दोन दाबली तर दुसरा. मत घेणाऱ्याने ते कोणासही सांगू नये.

हेडमास्तरांनी चष्मा काढला. "हे तुम्ही बी.ए. होऊन लिहिलंत?"

"बी.ए. झालो म्हणून लिहिता आलं, साहेब. सुचलं ते बापामुळं."

"आणि रुमालाखाली हात घालून बसायचं कोणी? मी? दलालासारखा?"

"मी बसतो."

"बसा. पण कमिशनर साहेबाला पाठवायच्या प्रतीत मी 'गुप्त रीतीने' एवढंच लिहीन."

"चालेल की."

मतदानाला पोरांना शिकवावं लागलं नाही. एकेक आला, उकिडवा बसला, रुमालाखाली हात घातला. करीम बसता बसता मोठ्यानं म्हणाला, "यंदा पाऊस बरा हाय मास्तर," आणि मग बोट दाबलं. पुढच्या प्रत्येकानं पावसाचं काहीतरी म्हटलंच. बन्सी आला, गणपत आला. मी मनातल्या मनात मोजत होतो. गणपत एका मतानं निवडून आला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत हरकिसनशेट स्वतः शाळेत आले. मी शाई घोटत बसलो होतो.

"मास्तर, येका मतानं?"

"हो शेटजी."

"कोन कोन फुटलं?"

"ते सांगायचं नाही. नियम आहे."

"नियम तुमचा. खोली माही."

"हे खरं आहे."

शेटनी एकदा दाराकडं पाहिलं. मग खाली बसले, आवाज उतरला. "बाकीच्याचं जाऊ द्या. येवढंच सांगा. माह्या बन्सीनं सोताले मत देल्लं का नाही?"

मी शाई बाजूला ठेवली. त्यांना खरंच ते जाणून घ्यायचं होतं. खोलीपेक्षाही जास्त. बापाला मुलाच्या मनातलं माहीत नसावं आणि परक्याला माहीत असावं, ही वाईटच गोष्ट. आणि मला माहीत होतं.

"शेटजी," मी म्हटलं, "तुमच्या रुमालाखाली आजवर किती सौदे झाले असतील? त्यातला एकतरी भाव तुम्ही तिसऱ्याला सांगितला का?"

"काहून सांगीन? उद्या कोन हात देईन मले?"

एवढं बोलून ते माझ्याकडं बघतच राहिले. मी शाई पुन्हा पुढं ओढली. मग पागोटं नीट करून उठले.

"उमरावतीच्या बाजारात या कधी," म्हणाले. "मास्तरकीत तुमचं नुकसान होऊन राहिलं."

दारापर्यंत गेले, वळले. "त्या गणपतले सांगा, खोलीत चिलीम वढू नको म्हना. बाजूले रुई हाय."

खोली राहिली, गणपतही राहिला. पुढच्या वर्षी कमिशनर साहेबापुढं त्यानं मानपत्र वाचलं, घाबरत घाबरत, पण सगळं. ते लिहून दिलं होतं बन्सीनं, कारण त्याचं इंग्रजी चांगलं होतं. पुढं अकोल्याच्या शाळेनं सभा काढली तेव्हा आमचीच नियमावली मागवली. तिथल्या मास्तरानं पाचव्या नियमाखाली रेघ मारून मला विचारलं, हे काय? मी म्हटलं, एकदा बाजारात जाऊन या. पुन्हा विचारणा आली नाही.

त्यानंतर मी बऱ्याच सभांचे, मंडळ्यांचे नियम लिहून दिले. लोक मला विचारतात, नियम चांगला कसा लिहावा? मी सांगतो, लोक न लिहिता कोणता नियम पाळतात ते आधी पाहा, आणि त्याला नंबर द्या. आणि बन्सीनं कोणतं बोट दाबलं ते विचारू नका. हरकिसनशेटना सांगितलं नाही, तुम्हाला काय सांगू?