सातव्या पुचक्याची किंमत

बंगालमधल्या कृष्णनगरच्या आमच्या मुलींच्या शाळेत निबारण समाद्दार सर एकतीस वर्षं बीजगणित शिकवताहेत. माणूस सरळ, पण बाहेरचं कधी काही खाल्लं नाही.

काल नववीचे पेपर तपासताना त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. गणित असं होतं: सात पुचके (म्हणजे आमच्याकडच्या पाणीपुऱ्या) आणि दोन भजी मिळून अठ्ठेचाळीस रुपये, एक पुचका आणि एक भजं मिळून चौदा, तर पुचका केवढ्याला? उत्तर चार. या वेळी बत्तीसच्या बत्तीस मुलींनी पाच लिहिलं होतं.

"अख्ख्या वर्गानं कॉपी केली," म्हणत ते तरातरा वर्गात गेले. मी याच शाळेत बंगाली शिकवते. मीही मागोमाग गेले.

तुकतुकी नावाची मुलगी उठली. "कॉपी कसली, सर? सहा खाल्ले की सातवा फाऊ. पैसे सहाचेच ना."

"फाऊ म्हणजे?"

"फुकट, सर. सगळेच पुचकेवाले देतात."

सर खुर्चीत बसले ते बसलेच. "दर वर्षी हेच गणित घालतो मी, आकडे तेवढे बदलून. निम्म्याअधिक मुली चुकायच्या, मला वाटायचं कच्च्या आहेत." मग माझ्याकडे वळले. "सुतपा, तू इथंच शिकलीस. तुलाही शून्य दिलं होतं?"

"हो. बाबांनी दोन दिवस बोलणं टाकलं होतं माझ्याशी."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"फाऊ माहीत नसलेला माणूस असतो, हे कुठं ठाऊक होतं सर? मला वाटलं, बीजगणितात फाऊ नसतो."