ओव्हाळ सरांचे दोन घट

सुदाम ओव्हाळ सरांच्या घरात देव नव्हते. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच देव घरातून गेले. तरी अंबरनाथच्या आमच्या शाळेत चौथीला विज्ञान शिकवताना सर सणांनाच हाताशी धरत. नारळी पौर्णिमेला बादलीत नारळ सोडून विचारत, हा तरंगतो का? मला म्हणत, "सुहासिनीबाई, पोरांच्या घरात जे आहे तिथूनच सुरू करायला पाहिजे ना?"

मी शेजारच्या तिसरीची बाई. तोंड मिटून राहणं हा माझा मोठा गुण.

सत्याऐंशीच्या नवरात्रात त्यांनी वर्गात दोन घट बसवले. गहू तोच, पाणी तेच. एका परडीत चिखलोलीच्या टेकडीची माती, दुसरीत कारखान्यांमागच्या नाल्याकाठची. आमची सगळी वस्ती घटाला नाल्याचीच माती आणायची. पाचव्या दिवशी टेकडीची परडी हिरवीगार झाली. नाल्याच्या मातीत गहू कुजले. "मातीत काय मिसळलंय, विचार करा," सर मुलांना म्हणाले. मुलांनी घरी एवढंच सांगितलं, की सरांचा घट रुजला नाही.

घट न रुजणं म्हणजे अपशकुन. दुसऱ्या दिवशी पालक शाळेत हजर. सगळ्यात पुढे शंकरराव. "देवीला मानत नाही आणि घट बसवतो? रुजणार कसा?"

"दुसरा घट पण मीच बसवला ना? तो कसा रुजला?" सर म्हणाले. "तुमच्या घरचा रुजलाय का, तेवढं सांगा."

"हातभर आलाय!"

सरांनी एकेकाला विचारलं. सगळ्यांचे रुजले होते. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फार आशेनं.

आमचा घट कुजला होता. बोभाटा नको म्हणून सासूबाईंनी बदलापूरच्या नणंदेकडून उगवलेलं धान आणून परडीत खोचलं होतं.

"आमचाही छान आलाय, सर," मी म्हणाले.

दिवाळीनंतर सरांची लांबच्या शाळेत बदली झाली. चौथीचं विज्ञान पुन्हा पुस्तकातून सुरू झालं. मला आजही माझी चीड येते.

दहा वर्षांनी शंकररावांच्या सुंदराबाई उल्हासनगरच्या बाजारात भेटल्या. घटासाठी माती विकत घेत होत्या.

"बाई, त्या साली आमचा घट पार कुजला होता हो," त्या हळूच म्हणाल्या. "यांनी बाहेरून धान आणून लावलं. आमच्या एकट्यांचंच नशीब फुटकं. तुमचा आला होता ना?"

मी तेव्हाही हो म्हणाले.