जयवंतच्या टाकीतला पाळणा

चारकोपच्या जयवंत परबाला दोन वर्षं एकच घोर, टाकीत पाळणा हलत नाही. स्वतःची पोरं कितवीत आहेत ते धड सांगता येत नाही, पण हिरो आणि चिंगीचं कधी जमणार, ह्याची काळजी बघा! हिरो-चिंगी म्हणजे अ‍ॅक्सोलोटल, मेक्सिकोकडचा पाण्यातला प्राणी. त्याची बायको रेवती म्हणायची, "कानाला पिसं लावलेली पाल."

ह्या पालींना थंड पाणी लागतं. म्हणून फ्रीझरमध्ये बर्फाच्या बाटल्या नि रेवतीचे बांगडे शेजारणीकडे. त्यात जयवंतला स्वच्छतेचं भारी वेड. सकाळी उठला की टाकीत हात. तळाच्या दगडावर पांढरे, जेलीसारखे ठिपके दिसले की नाक मुरडायचा. "बुरशी!" म्हणत लगेच नळीने ओढून मोरीत.

बिल्डिंगच्या ग्रुपवर मात्र जाहीर करून बसला होता, "पिल्लं झाली की प्रत्येक घराला जोडी." कुणी मागितली होती, देव जाणे.

ह्या पालींपायी दोन वर्षं गणपतीला गावी नाही. आईने फोनवर विचारलं, "माझो झील जिवंत आसा मां?" यंदा रेवतीने बॅगा भरल्या. "मी नि मुलं चाललो. तू राहा, पालीला मोदक दाखव."

मग तोही गेला गुपचूप. टाकी बघायला रेवतीची बहीण नमिता भांडुपहून राहायला आली. तिने आधीच सांगितलं, "भावोजी, बाटल्या बदलीन. पाण्यात हात घालणार नाही हां!"

गावी आरती चालू, जयवंतच्या हातात झांजा, आणि नमिताचा फोन. रेवतीने स्पीकरवर घेतला.

"भावोजी, तुमच्या त्या टाकीतल्या गवताला साबुदाणा लागलाय!"

झांजा खाली. "अगं, अंडी आहेत ती! दोघांना बाजूला काढ, नाहीतर तीच खातील!"

"हात घालणार नाही, सांगितलं ना!"

"नमिता, पाया पडतो तुझ्या!"

आरती सोडून हा माणूस पालींसाठी मेहुणीच्या पाया पडतोय. शेवटी तिने पापडाच्या चिमट्याने गवतच उपटलं नि बादलीत टाकलं. अंडी वाचली.

"पण झालं कसं?" जयवंत म्हणाला. "मी असताना तर..."

"काय माहीत. मी बाटल्या जरा जास्तच टाकल्या. मग तो हिरो शेपूट हलवत दगडावर पांढरे ठिपके टाकत सुटला. ती चिंगी मागून येऊन त्यांच्यावर बसून उचलत होती. मला वाटलं, पोट बिघडलं."

जयवंतचा चेहरा उकडीसारखा पांढरा पडला. ते ठिपके म्हणजे नराचं बीज, नि हा म्हणत होता, बुरशी!

रेवती पदर तोंडाला लावून हसली. "म्हणजे तो बिचारा दोन वर्षं संसार मांडतोय, नि तू रोज सकाळी मोरीत ओततोयस? आता दरवर्षी गावी यायचं. तू घरात नसलास की सगळ्यांचं बरं चालतं."

 नमिताने पाठवलेला फोटो जयवंतने लगेच ग्रुपवर टाकला, 'दोन वर्षांच्या मेहनतीला यश.' चिमटा आणि नमिताचा हात तेवढे कापून.