मुलांच्या कपाटातला राजा

नंदुरबारात माझं ड्रेपरीचं दुकान आहे. शाळांच्या गॅदरिंगसाठी राजा, राणी, कोळीण, वाघ, झाड, जे म्हणाल त्याचा ड्रेस भाड्याने मिळतो. गॅदरिंग हिवाळ्यात. उरलेलं वर्ष मी माशा मारायचो, आता मोबाइलवर राक्षस मारतो.

गेममधला माझा योद्धा मिशीवाला आणि भरदार छातीचा आहे. मी पन्नाशीतला, पोट सुटलेला, म्हणून सगळी हौस त्याच्यावर भागवून घेतली. एका लढाईत त्याला बक्षीस मिळालं: हिरवा, पायघोळ, जरीकाठी झगा. घालायला गेलो तर सूचना आली, हा पोशाख फक्त स्त्री पात्रांसाठी. मी खवळलो. ड्रेपरीवाल्याला कपडे शिकवता? असल्या घेराचे अंगरखे घालून राजे लढले. मी कंपनीला तक्रारींवर तक्रारी पाठवल्या, मोबाइलकडूनच इंग्रजी करून घेऊन. कापडाला बाई-बाप्या कळत नाही, असं एकदा लिहिलं. इंग्रजीत त्याचं काय झालं देव जाणे, पण ते वाक्य मला इतकं आवडलं की पुढच्या प्रत्येक तक्रारीत घातलं.

गेल्या पावसाळ्यात अपडेट आलं. आता कुठलाही पोशाख कुठल्याही पात्राला चालणार होता. मागणी करणारे जगभर असतील, पण श्रेय मी एकट्याने घेतलं. योद्ध्याला झगा चढवला आणि मोबाइल घेऊन आत गेलो. दुकानामागेच घर आहे. बायको राजाच्या ड्रेसला इस्त्री करत होती. कपड्यांना वास लागू नये म्हणून पावसाळ्यात ती सगळे ड्रेस एकदा बाहेर काढते.

"देख, मी नियम बदली टाका," मी म्हणालो.

तिने नीट पाहिलं. छान दिसतो म्हणाली. मग इस्त्री उभी ठेवली.

"आनि मी हाऊ राजा घालेल व्हता, तवय तुमी काय सांगं व्हतं?"

मला आठवेना. तिला सगळं आठवत होतं. तिच्या माहेरी, कोरीटला, आखाजीच्या सणात पोरी गौराई नदीवर नेत, तेव्हा एकीला शर्ट-टोपी घालून साहेब करत. साहेब दर वर्षी तीच. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, त्याच हौसेने, तिने एका दुपारी राजाचा ड्रेस घातला, मिशी लावली आणि मला दाखवायला दुकानात आली. मी म्हणालो होतो, "काढ बरं, कोनी देखी लेई. हाऊ पोऱ्यासना ड्रेस शे."

त्याच आठवड्यात मी त्या ड्रेसला दोन्ही बाजूंनी टिपा मारून तो आठवीच्या पोरांच्या मापाचा केला. कपाटांवर 'मुले' आणि 'मुली' असं रंगवलं. अक्षर माझंच. पंचवीस वर्षं तो ड्रेस तिने धुतला, त्याचे हुक शिवले आणि दर हिवाळ्यात कुणाच्या तरी पोराला चढवला. इकडे मी परदेशातल्या कंपनीला कापडाचं तत्त्वज्ञान शिकवत होतो. मला लाज वाटली.

"आते घाल ना," मी म्हणालो.

तिने बाह्या घातल्या. ड्रेस छातीवर अडकला.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाली आणि घडी घालायला लागली.

गेममध्ये पोशाख ज्याला घालाल त्याच्या मापाचा होतो. इथे मी चष्मा लावला आणि ब्लेड घेतलं. टिपा पक्क्या मारल्या होत्या, उसवायला दुपार गेली. बाकी ड्रेस विटून गुलाबी पडलेला, पण आत दुमडलेलं कापड पहिल्या दिवसासारखं लालभडक निघालं.

दोन लाल पट्ट्यांसकट ड्रेस तिला बरोबर बसला. मिशी तिने स्वतः लावली. दुकानात गेली आणि शटर उघडं असताना भाड्याच्या सिंहासनावर बसली. समोरचे किराणावाले शेठ वजन करता करता थांबले.

राजाने माझ्याकडे पाहिलं.

"च्या मांड."

मी आत गेलो. साखर कोणत्या डब्यात असते ते मला माहीत नव्हतं, आणि राजाला विचारायची हिंमत झाली नाही.