उजव्या हाताने लिहिलेलं

'माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता' असं लिहून सुरुवात करायची इथे पद्धत दिसते. मी तसं लिहिणार नाही. माझा विश्वास होता... सोयीचा होता तेवढा. आणि तो सोयीचा आहे हे आतून माहीतही होतं. एवढं कबूल करायला मला चाळीस वर्षं लागली, तेव्हा प्रतिसादात अक्कल शिकवायला कुणी येऊ नका.

१९८४ ची गोष्ट. आम्ही मुलुंड पूर्वेला राहायचो, दुसरा मजला, दोन खोल्या आणि किचन. आई, मोठी बहीण सुमनताई आणि मी. बाबा आदल्या वर्षी गेले – ऑफिसात, खुर्चीत बसल्याबसल्या. आईने तेच धरून ठेवलं होतं. "जाताना एक शब्द बोलले नाहीत गं." उठताबसता हेच. जेवण तुटलं होतं तिचं.

शेजारच्या पेंडसे काकूंनी त्यावर उपाय काढला. दर गुरुवारी दुपारी चार वाजता त्यांच्याकडे बैठक असायची. पाटावर वही, बाजूला उदबत्ती. डोळे मिटायचे, पेन्सिल सैल धरायची, आणि गेलेलं माणूस म्हणे तुमच्या हातून लिहितं. लिहिणाऱ्यानेच मग ते सगळ्यांना वाचून दाखवायचं. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकायची वाट बघत होतो. ताई म्हणाली, मला हे जमायचं नाही. राहिले मी.

पहिल्या दोन-तीन गुरुवारी खरंच कुणीतरी मनगट धरल्यासारखं वाटलं. खोटं कशाला सांगू? हात आपोआप चालायचा. 'औषध वेळेवर घे.' 'काळजी करू नको.' आई रडली, आणि त्या रात्री दोन पोळ्या जेवली. पुढे पुढे हात आपोआप चालतोय की मी चालवतेय हे मी स्वतःला विचारायचंच बंद केलं. आई जेवत होती ना, मग झालं तर.

मग ताईचा विषय निघाला. तिच्या ऑफिसातले साळवी – घाटकोपरचे, बायको गेलेली, मूलबाळ नाही, शांत माणूस. त्यांनी ताईला विचारलं होतं. ताई एकतीसची होती. ती हे सांगताना पदराशी चाळा करत होती, माझी ताई, जी रेशन दुकानदाराला दमात घ्यायची. आई म्हणाली, "ह्यांना विचारू आधी."

आता माझं ऐका. पार्ल्याच्या विनयशी माझं जमलं होतं, घरात अजून कुणाला पत्ता नव्हता. ताई गेली की आई, आईचे डोळे, ते घर, सगळं माझ्या गळ्यात. असा मी विचार केला का? शब्दांत नाही केला. शब्दांत केला असता तर लाज वाटली असती.

त्या गुरुवारी पेन्सिलने लिहिलं – 'सुमनने थांबावं.'

मी वाचून दाखवलं. ताई समोरच बसली होती. तिने वहीकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे बराच वेळ बघितलं. "बरं," म्हणाली. दुसऱ्या दिवशी साळवींना नाही म्हणून आली. सहा महिने थांबले बिचारे, मग त्यांनी दुसरीकडे लग्न केलं. ताई नंतर बैठकीला आली नाही.

दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं. आईला बाबांचा आशीर्वाद हवाच होता. पायाला सूज म्हणून ती जिना उतरत नव्हती, तेव्हा काकू पाट-वही घेऊन आमच्याकडेच आल्या. मी डोळे मिटले. 'सुखी राहा' लिहायचं हे माझं ठरलेलं होतं.

उजवा हात कोपरापासून बधिर झाला. मुंग्या वगैरे नाहीत, हात नव्हताच जणू. मी घाबरून डोळे उघडले. माझ्या डाव्या हाताने उजव्यातली पेन्सिल काढून घेतली आणि तो लिहायला लागला. आई आणि काकू डोळे मिटून बसल्या होत्या, मी एकटी बघत होते. डाव्या हाताने मला साधा भांगसुद्धा पाडता येत नाही. पण अक्षर भराभर उमटत होतं, मागे रेललेलं, आणि लिहिलेल्यावरून तळहाताची कड घासत जात असल्यामुळे प्रत्येक ओळीवर काळा फराटा.

ते अक्षर मी ओळखत होते. बाबा डावरे होते. जेवायचे उजव्याने, लहानपणी मार खाऊन शिकलेले. पण लिहायचे डाव्यानेच, आणि त्यांच्या प्रत्येक पत्रावर शाईचा तस्साच फराटा असायचा. आणि मी दोन वर्षं त्यांच्या नावाने उजव्या हाताने लिहीत होते! पहिल्या दिवशी काकू म्हणाल्या होत्या, "देवाचं काम आहे, उजवा हात घे," आणि आईनेही मान डोलावली होती. कुणाच्या लक्षातच आलं नाही... असं मला वाटलं.

कागदावर होतं – 'शुभा, ते मी लिहिलं नव्हतं. सुमनला सांग.'

"काय म्हणतायत गं?" आईने विचारलं.

"सुखी राहा म्हणतायत," मी म्हणाले.

आईने हात जोडले. काकूंनी दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली. मी कागद फाडून, चार घड्या घालून ब्लाउजमध्ये खुपसला. ताई चहाचे कप घेऊन दारात उभी होती. "घे," म्हणाली, "निवतोय."

मी परत कधी बसले नाही. लग्न करून पार्ल्याला गेले. आईचं पुढची अठरा वर्षं ताईने केलं. कागद माझ्याकडेच राहिला. दर दिवाळीला, दर वाढदिवसाला 'आता सांगते' म्हणायचे आणि शेपूट घालायचे.

दोन वर्षांपूर्वी ताई आजारी पडली तेव्हा कागद घेऊन गेले. तिने चष्मा लावला, वाचलं, फराट्यावरून बोट फिरवलं.

"बाबांचंच अक्षर," म्हणाली. "उशीर केलास गं."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या गुरुवारीच. बाबा डावरे होते शुभा, आणि तू उजव्या हाताने लिहीत होतीस."

"मग साळवींना नाही कशाला म्हणालीस?" मी चक्क चिडले. तिच्यावर!

"आईसमोर तुला खोटं पाडू? ती आत्ता कुठे जेवायला लागली होती." ताई दमली, थांबली. मग म्हणाली, "मला वाटलं, घरी येऊन तू म्हणशील, ताई, मला एकटीला आईचं नाही जमणार, जाऊ नको. तसं म्हणाली असतीस तर आपण भांडलो असतो. आणि भांडून मी गेले असते. तू बोललीच नाहीस, मग भांडू कुणाशी?"

गेल्या श्रावणात ताई गेली.

त्यानंतर एका दुपारी मी पाट मांडला, वही घेतली, पेन्सिल डाव्या हातात धरली. ताईला एकच विचारायचं होतं. तास गेला, उदबत्ती संपली, हात जागचा हलला नाही. पेन्सिल उजव्या हातात घेतली असती तर हवं ते उत्तर मिळालं असतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून उठले.

आमचे जावई डॉक्टर आहेत. म्हणतात, नस दबली असेल, बाकी मनाचे खेळ. असतील. पण डाव्या हाताने मला अजून साधं 'श्री' काढता येत नाही, आणि फराट्याचा तो कागद कपाटात आहे. त्याचं स्पष्टीकरण कुणाकडे असेल तर जरूर लिहा. उजव्या हाताने जे लिहिलं, त्याचं कुणाला विचारायची मला गरज नाही.