आईवरचं कडवं

आधी माफी मागतो. लिहिण्याबद्दल चार शब्द लिहावेत एवढा माझा अधिकार नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि आजवर माझ्या हातून पूर्ण झालेलं लिखाण म्हणजे ताईच्या लग्नातली मंगलाष्टकं. तीही कुठं छापून आलेली नाहीत. तरी लिहितो आहे, कारण राग जात नाही, आणि रागाचं दुसरं काय करायचं ते मला कळत नाही.

आमच्याकडे प्रत्येक लग्नासाठी मंगलाष्टकं नवीन रचतात. नवरा-नवरी, दोन्हीकडचे आजोबा, मामा, सगळ्यांची नावं त्यात गुंफतात. मुलीच्या आईचं नाव सहसा नसतं. तिनं लग्न लागताना बघायचंही नसतं. मंडपात अक्षता पडत असतात तेव्हा ती घराच्या मागं तुळशीला पाणी घालत उभी असते. तिच्यापर्यंत येतो तो फक्त भोंग्यातला आवाज.

बऱ्हाणपूरकडच्या शाहपूरजवळ आमची थोडी केळीची शेती आहे. मी बऱ्हाणपुरात राजपुरा मोहल्ल्यात खोली घेऊन राहतो आणि मराठी घेऊन बी.ए. करतो. ताईचं लग्न ठरलं तेव्हा आई मला म्हणाली, "भाऊ, तू मराठी शिकून राहिला ना? मंग या टाइमाला मंगलाष्टकं तूच कर. मावसाला नुसती म्हणायला सांगू."

माझे मावसा शाळेत गुरुजी आहेत. नात्यातल्या सगळ्या लग्नांत मंगलाष्टकं तेच रचतात आणि तेच म्हणतात. आवाज गोड आहे, त्याबद्दल वाद नाही. मला कॉलेजात घालायला बाबांना त्यांनीच तयार केलं होतं, हेही खरं.

त्या दिवसांत मी दुसरं काही केलं नाही. बुधवाऱ्याच्या बाजारात भाजी घ्यायला जाताना बोटांवर लघु-गुरू मोजत चालायचो. खोलीतला जोडीदार म्हणायचा, "अबे, मंतर मार रहा है क्या किसीपे?" सोपी कडवी लवकर झाली. नावं बसवायची, देवांना हाक मारायची, झालं. पण एक कडवं मला आईसाठी करायचं होतं, तिला न सांगता. ती तुळशीपाशी उभी असताना अचानक तिला ते ऐकू यावं, एवढीच इच्छा होती. मोठे शब्द घातले की ते कडवं खोटं वाटायचं. सूर्य, चंद्र, समुद्र सगळे काढून टाकले. मग एका दुपारी आपसूक आलं:

आई, तू उठलीस रोज पहिली, केळीस पाणी दिले
त्या हातांस कुणी न हात दिधला, त्यांनी घरा पोसले

लिहिणारे लोक ज्याला आनंद म्हणतात तो मला त्या दुपारी पहिल्यांदा कळला. ओळ चांगली आहे की नाही, ठाऊक नाही. खरी आहे एवढं ठाऊक होतं.

चाल बसवायची म्हणून मावसांनी कागद आधीच मागून घेतला. लग्नाच्या दिवशी अंतरपाट धरला, मावसांनी माईक हातात घेतला. एकेक कडवं माझंच होतं. मी आईच्या कडव्याची वाट बघत होतो. तेवढ्यात मंडपाच्या दारातून आमच्या भागातले एक पुढारी आत आले. मावसांनी त्यांना बघितलं, खिशातून दुसरा कागद काढला आणि पुढाऱ्यांच्या कीर्तीचं कडवं म्हटलं. त्याच्यामागून सरळ शेवटचं. सावधान झालं, वाजंत्री वाजली. आईचं कडवं आलंच नाही.

जेवताना लोक मावसांना म्हणत होते, "गुरुजी, काय लिहिलं हो या बार! वा!"

मावसा हात जोडून म्हणत होते, "सरस्वतीची कृपा, दुसरं काय."

मी त्यांना पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. म्हटलं, "मावसा, ते आईचं कडवं?"

"अरे, पाहुणे आले ना ऐन वेळी. टाइम कुठं होता?"

"आणि लोकांना सांगितलं का नाही, मी लिहिलं म्हणून?"

ते हसले. "बेटा, मंगलाष्टकाला कुठं लेखक असतो? अक्षता पडल्या की संपलं. त्याचं काय लोणचं घालतो?"

बाबांनी ऐकलं. मला बाजूला ओढून म्हणाले, "ज्यानं तुले कॉलेजात घातलं त्याच्यावरच उलटतो? लग्न नीट लागलं ना? मंग गप राह्य."

मी पंगतीत पाणी वाढायला गेलो. पण मला अजून समजत नाही की लेखक नसतो म्हणजे काय. आमच्या पत्रिकेच्या तळाशी छापखान्याचं नाव होतं. बँडवाल्याचं नाव ढोलावर होतं. केळीच्या ट्रकच्या मागंसुद्धा मालकाचं नाव असतं. फक्त शब्दच तेवढे सरस्वतीच्या कृपेनं येतात, आणि तेही गुरुजींच्या तोंडून आले तरच! माझं नाव गेलं याचा राग आहेच, खोटं कशाला बोलू. पण जास्त राग दुसऱ्या गोष्टीचा आहे. एक बाई सगळा जन्म राबली, तिच्या मुलीच्या लग्नात तिच्यासाठी फक्त दोन ओळी होत्या, आणि त्याही उठवून त्यांच्या जागी एका उपऱ्याला बसवलं. कोणालाही त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही.

आईला मी काही सांगितलं नाही. ती म्हणाली असती, राहू दे. आणि ते कडवं मी चुलीपाशी बसून पुटपुटावं असं ते नव्हतं. ते भोंग्यातून, चार गावांच्या देखत यायला हवं होतं.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. गावात एका मुलीचं लग्न होतं. मुलीला वडील नाहीत, आईनंच वाढवलेली.

"भाऊ, आज तुझ्या मावसानं काय कडवं म्हटलं रे! बापाचं नाव घ्यायला नव्हतं, तर मुलीच्या आईवरच केलं त्यानं. आई, तू उठलीस रोज पहिली... पुढचं मले याद नाही. सगळ्या बाया रडल्या. मी बी रडली." मग ती म्हणाली, "तू एवढा शिकून राहिला. तू बी असं काही लिहीत जा ना."